जिल्हा रुग्णालयातील हिपॅटायटिस उपचार केंद्र: गोळी फुकट, गोळीपर्यंतची वाट महाग

हे परीक्षण राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाखाली आमच्या जिल्हा रुग्णालयात चालणाऱ्या उपचार केंद्राचे आहे. केंद्र सरकारने हा कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू केला आणि त्यात हिपॅटायटिस बी व सी या यकृताला सूज आणणाऱ्या दोन्ही विषाणूजन्य आजारांच्या तपासण्या आणि औषधे मोफत दिली जातात. आमचे गाव पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यात, वैनगंगेच्या खोऱ्यात आहे. माझ्या भाच्याचा हिपॅटायटिस सी या केंद्रात पूर्ण बरा झाला आणि पहिल्या चिठ्ठीपासून शेवटच्या अहवालापर्यंत मी त्याच्यासोबत होतो. जिल्ह्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण अपुऱ्या मनुष्यबळामुळे आणि पुरवठ्यामुळे घडणाऱ्या गोष्टींचे खापर खिडकीमागे बसलेल्या एखाद्या माणसावर फुटावे, अशी माझी इच्छा नाही. पाचपैकी तारे द्यायचेच झाले तर औषधाला पाच, डॉक्टरांना पाच, तपासणीच्या व्यवस्थेला दोन आणि रुग्णाची गुप्तता राखण्याला एक, असे मी देईन.

भाच्याला जन्मापासून सिकलसेल आहे, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. आमच्या भागात तो घरोघरी माहीत आहे. लहानपणापासून त्याला अनेकदा रक्त चढवावे लागले. त्याच्या डोळ्यांचा पिवळेपणा आम्हाला इतका सवयीचा झाला होता की, त्यामागे आणखी काही असू शकेल, हे कोणाच्याच मनात आले नाही. सिकलसेलमध्ये लाल पेशी लवकर फुटतात आणि त्यातून डोळे पिवळे दिसतात. उलट जुना हिपॅटायटिस सी बहुतेकांमध्ये कावीळ न दाखवता वर्षानुवर्षे यकृत पोखरत राहतो. म्हणजे ज्या लक्षणावरून लोक यकृताचा आजार ओळखतात, ते लक्षण या मुलांमध्ये काहीच सांगत नाही. मध्यंतरी पिवळेपणा जास्त वाटला, तेव्हा नातेवाइकांच्या आग्रहाखातर त्याच्या गळ्यात काविळीची माळ घालून झाली आणि चुन्याच्या पाण्यात हात धुऊन ते पाणी पिवळे झाल्याचे समाधानही मिळाले. माळ लांब होत गेली, याचे कौतुक अजून घरात निघते. विषाणूला मात्र माळ मोजता येत नसावी.

आजार कळला तो योगायोगाने. सिकलसेलमध्ये रक्तपुरवठा तुटून खुब्याचे हाड झिजते, तसे त्याचे झिजले. शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्यांत नागपूरच्या एका खासगी रुग्णालयात हिपॅटायटिस सी ची झटपट तपासणीची पट्टी ‘रिॲक्टिव्ह’, म्हणजे पॉझिटिव्ह, आली. तिथे शस्त्रक्रिया पुढे ढकलण्यात आली आणि ती केलीच तर ‘वेगळी काळजी’ घ्यावी लागणार असल्यामुळे खर्च वाढेल, एवढेच सांगण्यात आले. हा आजार गोळ्यांनी बरा होतो आणि त्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, ही दोन वाक्ये तिथे कोणीही उच्चारली नाहीत. ती आम्हाला सांगितली सिकलसेलच्या कार्डावर शिक्के मारणाऱ्या आमच्या तालुक्याच्या परिचारिकेने.

जिल्हा रुग्णालयात केसपेपरला पैसे लागत नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले आहेत. खर्च होतो तो रस्त्यावर. सकाळची पहिली एसटी चुकली की काळीपिवळीची वाट पाहायची, आणि बाह्यरुग्ण विभाग दुपारी आटोपत असल्यामुळे उशिरा पोहोचणाऱ्याला दुसरा दिवस शोधावा लागतो. केंद्र म्हणजे वेगळी इमारत नव्हे. औषधवैद्यक विभागाचे डॉक्टर, एक समुपदेशक, प्रयोगशाळेचा एक कोपरा आणि औषध खिडकीतले एक कपाट मिळून हे केंद्र बनते. फलक आहे, पण तो अशा वळणावर लावला आहे की, खोली सापडल्यावरच दिसतो.

खरी कसोटी तपासणीच्या टप्प्यावर लागते, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो. बोटातून थेंबभर रक्त घेऊन जी पट्टी करतात, ती विषाणू शोधत नाही. शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. संसर्ग झालेल्या दहांपैकी साधारण तिघांच्या शरीरातून हा विषाणू पहिल्या काही महिन्यांत आपोआप निघून जातो, तरी पट्टी मात्र आयुष्यभर रिॲक्टिव्ह येत राहते. त्यामुळे विषाणू आज रक्तात आहे की नाही, हे ठरवण्यासाठी आरएनएची (विषाणूच्या जनुकीय द्रव्याची) तपासणी, म्हणजे सगळे ज्याला ‘व्हायरल लोड’ म्हणतात ती, करावीच लागते आणि तिच्याशिवाय गोळी सुरू होत नाही. हा नियम योग्य आहे. अडचण अशी की, पट्टी पाच-दहा मिनिटांत होते आणि व्हायरल लोड आठवडेच्या आठवडे घेतो.

पहिल्या खेपेला आम्हाला सांगण्यात आले, “नाही जी, मशीन आहे, पण त्यातल्या कार्ट्रिज संपल्या, पुढच्या आठवड्यात फोन करून या.” कार्ट्रिज म्हणजे प्रत्येक तपासणीसाठी मशीनमध्ये घालायची वेगळी कुपी. फोन लागत नव्हता. पुढे रक्त घेतले गेले, ते थंड पेटीतून मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेले, आणि अहवाल आला तेव्हा तो कोणत्या टेबलावर आहे हे शोधण्यात आणखी एक फेरी गेली. हे सगळे रोवणीच्या दिवसांत चालले होते. भाचा सेतू केंद्रात बसतो, त्यामुळे त्याला सुटी मिळाली. पण त्याच रांगेत रोजीवर जाणारे लोक होते, आणि त्यांच्यासाठी प्रत्येक फेरी म्हणजे बुडालेली मजुरी अधिक तिकिटाचे पैसे. आमच्यासोबत पट्टी रिॲक्टिव्ह आलेल्या एका बाईंनी तिसऱ्यांदा ‘नंतर या’ ऐकले आणि त्या पुन्हा दिसल्या नाहीत. सरकारी नोंदीत त्या कुठल्या रकान्यात असतील, याची मला उत्सुकता आहे.

ही केवळ आमच्या जिल्ह्याची गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगात सुमारे ५ कोटी लोकांना हिपॅटायटिस सी होता, त्यांतल्या ३६ टक्क्यांनाच निदान मिळालेले होते आणि उपचार २० टक्क्यांपर्यंतच पोहोचले होते. भारतात बाधितांचा आकडा सुमारे ५५ लाखांचा होता. २०१६ मध्ये सदस्य देशांनी २०३० पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपवण्याचे ध्येय स्वीकारले, आणि ते ध्येय अडले आहे ते मुख्यतः गोळीच्या आधीच्या टप्प्यांत. आमच्या भाषेत सांगायचे तर संपलेल्या कार्ट्रिजपाशी.

गोळीची स्वतःची कथा थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण तिच्याशिवाय या सेवेचे मोल कळत नाही. सोफोसबुविर हे औषध अमेरिकेत डिसेंबर २०१३ मध्ये मंजूर झाले, तेव्हा बारा आठवड्यांच्या उपचाराची तिथली किंमत ८४,००० डॉलर होती, म्हणजे एका गोळीला हजार डॉलर. सप्टेंबर २०१४ मध्ये गिलियड या मूळ कंपनीने भारतीय कंपन्यांना परवाने देऊन ९१ देशांसाठी ते बनवण्याची मुभा दिली, आणि २०१५ मध्ये भारतात २८ गोळ्यांची डबी सुमारे २०,००० रुपये छापील किमतीला आली. त्यानंतर स्पर्धेने भाव कोसळत गेला. जोडीचे औषध डॅक्लाटास्विर २०१५ च्या अखेरीस मेडिसिन्स पेटंट पूल या, औषधे स्वस्तात बनवण्याचे परवाने मिळवून देणाऱ्या संस्थेच्या परवान्यातून अनेक देशांसाठी खुले झाले. परवान्याच्या यादीबाहेर राहिलेल्या मध्यम उत्पन्नाच्या देशांचे मात्र हाल झाले. मलेशियाने तर २०१७ मध्ये पेटंट बाजूला ठेवून शासकीय वापराचा हुकूम काढला. पंजाब सरकारने २०१६ मध्येच आपल्या राज्यात मोफत उपचार सुरू केले होते, आणि दोन वर्षांनी देशपातळीवर कार्यक्रम उभा राहिला. आज आमच्या जिल्ह्याच्या खिडकीवर जी डबी काहीही न देता हातात पडते, तिच्यामागे इतकी ओढाताण आहे.

आता डॉक्टरांविषयी. त्यांच्यासाठी मला पाच तारेही कमी वाटतात. यकृत किती खराब झाले आहे, हे ठरवण्यासाठी केंद्रांमध्ये रक्तातील एएसटी (यकृताला इजा झाली की वाढणारे एन्झाइम) आणि प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) यांच्या आधारे एक साधे गणित मांडले जाते. त्यामुळे महागड्या यंत्राशिवाय लहान रुग्णालयातही निर्णय घेता येतो. पण सिकलसेलच्या रुग्णाच्या लाल पेशी फुटतात, तेव्हा त्या पेशींतूनही एएसटी रक्तात उतरते, त्यामुळे ते गणित फसण्याची शक्यता असते. आमच्या डॉक्टरांनी कागद पाहताक्षणी हे ओळखले, सोनोग्राफी केली आणि खात्रीसाठी यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनसाठी आम्हाला नागपूरला पाठवले. सिरोसिस (यकृतावर कायमचे व्रण पडून ते कडक होणे) नाही, हे नक्की झाल्यावरच त्यांनी साधा बारा आठवड्यांचा उपचार लिहिला. सिरोसिस निघाला असता, तर सोफोसबुविरसोबत वेल्पाटास्विर द्यावे लागले असते. तेही याच कार्यक्रमात मोफत आहे.

त्यांनी चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादीही मागितली. फिट्सवरची फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन, क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन ही औषधे चालू असतील, तर या गोळ्यांचा परिणाम कमी होतो, आणि हृदयाच्या ठोक्यांसाठी दिले जाणारे अमिओडॅरोन सोबत असेल, तर धोका संभवतो. म्हणून येथे जाणाऱ्याने घरातल्या औषधांच्या रिकाम्या पट्ट्याच पिशवीत घालून न्याव्यात. हिपॅटायटिस बी ची पट्टीही त्याच वेळी केली जाते, कारण दोन्ही विषाणू असतील तर सी दबल्यावर बी उसळू शकतो.

जुन्या काळाशी तुलना केल्याशिवाय या उपचाराचे कौतुक अपुरे राहील. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने आणि रिबाव्हिरिनच्या गोळ्या सहा महिने ते वर्षभर घ्याव्या लागत, ताप आणि निराशा यांनी माणूस खचून जाई, आणि इतके करून बरे होणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास असे. रिबाव्हिरिन तर लाल पेशी फोडते; सिकलसेलच्या मुलाला ते देणे म्हणजे आगीत तेल ओतणे. नव्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. भाच्याने सोफोसबुविर ४०० मिलिग्रॅम आणि डॅक्लाटास्विर ६० मिलिग्रॅम अशा दोन गोळ्या रोज एकाच वेळी घेतल्या. पहिल्या आठवड्यात थोडे डोके दुखले आणि थकवा वाटला. त्यापलीकडे काही नाही. एकही दिवस त्याचे काम बुडाले नाही.

गोळ्यांचा पुरवठा उपचारभर अखंड राहिला, हे आवर्जून नोंदवतो. दर चार आठवड्यांनी २८ गोळ्यांच्या डब्या मिळत होत्या, आणि औषध खिडकीवरचे भाऊ मागची रिकामी डबी पाहिल्याशिवाय नवी देत नव्हते. एकदा डबी घरी राहिली तेव्हा त्यांनी आम्हाला परत पाठवले नाही. वहीत सही घेऊन गोळ्या दिल्या. नियम आणि माणुसकी एकाच खिडकीत बसू शकतात, याचा हा नमुना. मात्र प्रत्येक डबीसाठी जिल्ह्यालाच यावे लागते, हे अनाकलनीय आहे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात क्षयरोगाची औषधे मिळतात, सिकलसेलच्या गोळ्या मिळतात. निदान आणि पहिली तपासणी जिल्ह्याला झाल्यावर पुढच्या दोन डब्या तिथे का पाठवता येत नाहीत?

गुप्ततेबद्दल एकच तारा दिला, त्याचे कारण असे. समुपदेशक ताई स्वतः उत्तम बोलतात. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने किंवा खोकल्याने हा आजार पसरत नाही. दाढीचे पाते, दात घासण्याचा ब्रश आणि सुई मात्र कोणाचीही वापरू नये आणि कोणाला देऊ नये, हे त्यांनी माझ्या बहिणीला शांतपणे समजावले. पण त्या समजावत असताना दार उघडे होते, आणि बाहेर रांगेत “सीवाले इकडे या” अशी हाक चालू होती. केसपेपरच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहिलेली ‘HCV’ (हिपॅटायटिस सी चा विषाणू) ही तीन अक्षरे रांगेतल्या कोणालाही वाचता येत होती. लग्नाच्या वयाच्या मुलाच्या बाबतीत, आणि गावात बातमी एसटीच्या आधी पोहोचते अशा भागात, ही हयगय माफ करण्यासारखी नाही. एक पडदा आणि नावाऐवजी क्रमांक पुकारण्याची सवय, याला निधी लागत नाही.

इजिप्तचे उदाहरण येथे देण्यासारखे आहे. त्या देशात बिलहार्झिया या परजीवी रोगावरच्या सामूहिक इंजेक्शन मोहिमांत सुया नीट निर्जंतुक न झाल्याने हिपॅटायटिस सी प्रचंड पसरला होता. २०१८ च्या अखेरीस सुरू झालेल्या मोहिमेत तिथल्या सरकारने काही महिन्यांत सुमारे ५ कोटी लोकांची तपासणी केली आणि बाधितांना मोफत औषध दिले. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने उच्चाटनाच्या वाटेवरील ‘सुवर्ण’ टप्पा गाठणारा पहिला देश म्हणून त्याला मान्यता दिली. तिथे व्यवस्था लोकांपर्यंत गेली. आपल्याकडे इतकी मोठी मोहीम एकदम शक्य नसेल, हे मान्य. पण आमच्या भागात त्याची अर्धी तयारी झालेली आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत आदिवासीबहुल भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या लोकांची रक्ततपासणी करण्याचे ठरले आहे, आणि त्यासाठी पथके गावात येतातही. त्याच शिबिरात, ज्यांना कधी रक्त चढवले आहे त्यांच्या बोटातून आणखी एक थेंब घेऊन हिपॅटायटिसच्या दोन पट्ट्या केल्या, तर माझ्या भाच्यासारख्यांना कळण्यासाठी खुबा झिजण्याची वाट पाहावी लागणार नाही. रक्तपेढ्या आज प्रत्येक पिशवी तपासतात. तरी नुकत्याच झालेल्या संसर्गात काही आठवडे प्रतिपिंडे सापडत नाहीत, आणि वारंवार रक्त घेणाऱ्याचा धोका पूर्ण शून्य होत नाही.

हिपॅटायटिस बी विषयी माझा अनुभव ऐकीव आहे, म्हणून थोडेच लिहितो. तो विषाणू या गोळ्यांनी जात नाही; ज्यांना गरज आहे त्यांना टेनोफोविर वर्षानुवर्षे घ्यावे लागते आणि तेही येथे मोफत मिळते. बाळाला जन्मानंतर चोवीस तासांच्या आत दिली जाणारी लस हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. आमच्या गावातल्या एका गरोदर बाईंचा अहवाल पॉझिटिव्ह असल्याचे केंद्राला कळल्यावर, बाळासाठी लशीसोबत लागणाऱ्या इम्युनोग्लोब्युलिनची (तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनची) सोय प्रसूतीआधीच करून ठेवली गेली. याचे श्रेय केंद्राला दिलेच पाहिजे.

शेवटची गोष्ट फार लोक चुकवतात. गोळ्या संपल्या म्हणजे उपचार संपला, असे नाही. त्यानंतर बारा आठवड्यांनी पुन्हा व्हायरल लोड करावा लागतो, आणि त्यात विषाणू सापडला नाही, तरच रुग्ण बरा झाला असे मानतात. केंद्राकडून यासाठी आम्हाला फोन आला नाही. तारीख आम्हीच कॅलेंडरवर लिहून ठेवली होती. या वेळी कार्ट्रिज होत्या आणि अहवाल त्याच आठवड्यात मिळाला: विषाणू आढळला नाही. तो कागद घेऊन आम्ही शस्त्रक्रियेसाठी पुन्हा त्याच खासगी रुग्णालयात गेलो, तर त्यांनी आधी पट्टी केली, ती साहजिकच रिॲक्टिव्ह आली, आणि वाढीव खर्चाचे बोलणे पुन्हा सुरू झाले. आरएनएचा अहवाल टेबलावर ठेवल्यावर मोठ्या डॉक्टरांनी तो वाचला आणि जुन्याच खर्चात शस्त्रक्रियेची तारीख दिली. म्हणून या केंद्रातून बरे होऊन निघणाऱ्या प्रत्येकाने त्या अहवालाच्या प्रती काढून एक स्वतःजवळ, एक सिकलसेलच्या किंवा डायलिसिसच्या फायलीत आणि एक मोबाइलमध्ये ठेवावी. एकदा बरे झाल्याने पुढचा संसर्ग टळत नाही, म्हणून ज्यांना रक्त घ्यावेच लागते त्यांनी वर्षातून एकदा आरएनएची तपासणी मागून घ्यावी. पट्टीने त्यांचे काम होणार नाही.